पंधरा सेंटला एक पॉईंट

शनिवारी सकाळी मी आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या एका सुपरमार्केटच्या दारात दोन काळ्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन उभा होतो आणि बिअरचे रिकामे कॅन एकेक करून मशीनच्या तोंडात घालत होतो, आणि मशीन ते थुंकत होतं. अंगात ऑफिसचं चांगलं जाकीट (म्हणलं काय, दहा मिनिटांचं काम), त्याच्या बाहीवरून कालच्या सायडरचा ओघळ कोपरापर्यंत गेलेला. मागे लाईन. हे सांगलीला आईला सांगितलं तर ती म्हणणार, भंगारच गोळा करायचं होतं तर इंजिनिअरिंगची फी कशाला भरायला लावलीस. म्हणून तिला सांगितलेलं नाही.

तिथे कसा पोचलो ते पटकन उरकतो. आमची पोरगी कमोगी खेळते. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग, आणि हर्लिंग म्हणजे दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण, प्रत्येकाच्या हातात ॲशच्या लाकडाची काठी, तिला म्हणायचं हर्ली, एक टणक चामड्याचा चेंडू, त्याला म्हणायचं स्लिटर, आणि मग जे काय होतं ते बघताना बाकी आईबाप ओरडतात आणि मी डोळे मिटून घेतो. गोलच्या आडव्या दांड्याच्या वरून मारला तर 1 पॉईंट, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे 3. युनेस्कोने 2018 साली हा खेळ जगाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून यादीत घातलाय, पण पोरीच्या नडगीवरचा वारसा चांगला हिरवानिळा मूर्त आहे.

तर क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की अंडर-टेनच्या मुलींसाठी नव्या हर्ली घ्यायच्यात, क्लबहाऊसमध्ये पार्टीनंतरचे रिकामे कॅन साठलेत, ते परत करून पैसे कोण आणेल? आणि कुणाच्या तरी आईने लिहिलं, याला सांगा, हा आयटीत आहे, याला मशीनचं कळतं. खाली सटासट अंगठे. मी काही बोलायच्या आत ‘यू आर अ लेजंड’ सुद्धा येऊन पडलं. इथे फुकटचं काम गळ्यात मारायचं असलं की आधी लेजंड म्हणतात, मग नाही म्हणायची सोय राहत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1 फेब्रुवारी 2024 पासून आयर्लंडमध्ये कॅन किंवा प्लास्टिकची बाटली घेतली की वर डिपॉझिट द्यावं लागतं, अर्ध्या लिटरपर्यंत 15 सेंट, त्याच्या पुढे 25. रिकामी आणून मशीनमध्ये घातली की पैसे परत. पण चेपलेला कॅन चालत नाही, बारकोड वाचता आला पाहिजे, आणि कॅन रिकामाच पाहिजे. आता मला सांगा, मॅच जिंकल्यावर रात्री बारा वाजता कुठला माणूस कॅन न चेपता ठेवतो? त्यामुळे माझ्या पिशवीतले निम्मे कॅन जिंकलेले होते आणि मशीनला हरलेले हवे होते.

इतक्यात पाठीमागून आवाज आला, “वाइड!”

वळून बघतो तर एक आजोबा. ऐंशीच्या घरातले, स्वेटरवरून कॉर्कची लाल जर्सी चढवलेली, आणि दोन्ही हात असे आडवे पसरलेले, अंपायर करतात तसे. हर्लिंगमध्ये गोलपोस्टपाशी पांढरे कोट घातलेले अंपायर असतात, पॉईंट झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा, आणि बाहेर गेला की नुसते हात पसरायचे. आजोबांच्या हातात फक्त एक बाटली. मी म्हणलं, तुमची एकच आहे, तुम्ही पुढे जा. तर म्हणाले, “नको नको पोरा, मला कसलीच घाई नाही, तू खेळ.”

मी खेळलो. पुढचा कॅन गेला आत, गडगडला, स्क्रीनवर आकडा वाढला. आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि खरोखर फडकवला. मळका होता, पण पांढरा समजून घ्यायचा. पुढचा परत आला, वाइड. पुढचा वाइड. पुढचा मी जरा बोटांनी पोचा काढून सरळ करून घातला, तो घेतला, तर म्हणाले, “अँगल अवघड होता, पण मारलास.” मागे एक बाई पोराला घेऊन उभी होती, ते पोरगंही आता हात पसरायला लागलं. एक कॅन मशीनने आत ओढला, विचार केला, आणि परत बाहेर ढकलला. आजोबा म्हणाले, “हॉक-आय लावा!” मी हसलो. म्हणजे तोंडाने हसलो. आत डोकं फिरलेलं होतं, कारण एक तर बाहीतून सायडर बगलेकडे निघालेला आणि दुसरं म्हणजे कसल्याही अपमानाचं धावतं वर्णन होऊ नये असं माझं मत आहे.

“कशासाठी गोळा करतोयस?” मी सांगितलं, मुलींच्या हर्ली. झालं. आजोबांनी बाटली काखेत धरली आणि दोन्ही हात मोकळे केले, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

“हर्ली ॲशचीच पाहिजे,” म्हणाले. “आणि झाडाचा कुठलाही भाग नाही चालत, बुंध्याचा खालचा, मुळाकडे वळतो ना, तोच. लाकडाची रेघ वळली पाहिजे तशीच खालची पाती वळते. सरळ लाकूड कापून वळण काढलंस की पहिल्या फटक्याला दोन तुकडे. आणि झाडं आहेत कुठे आता? 2012 मध्ये ती बुरशी सापडली, लेट्रिममध्ये, तेव्हापासून सगळी ॲशची झाडं वरून वाळत चालली. आयरिश माणूस बाहेरून लाकूड मागवून हर्ली बनवतो! आणि आता बांबूची काढलीय. बांबू!” शेवटचा बांबू ते माझ्याकडे बघून असा म्हणाले की जणू तो मीच पाठवलाय. म्हणावंसं वाटत होतं की आजोबा, आमच्याकडे बांबूचा उपयोग माहितीये का काय काय करतात, पण अंडर-टेनची इज्जत राखली.

बोलणं खोटं नव्हतं म्हणा. पोरीची तीस इंचाची हर्ली (काठ्या इंचात मोजतात, आणि पोरगी वाढली की इंच वाढतात, इंच वाढले की पैसे वाढतात) तीस युरोच्या आसपास पडते. हेल्मेट ऐंशीच्या पुढे, ते सक्तीचं, आणि त्याला माझी काही तक्रार नाही, डोकं एकच आहे. जर्सी वेगळी, क्लबची मेंबरशिप वेगळी. वसंतात स्कॉर्ट घेतला, म्हणजे वरून स्कर्ट आणि आतून शॉर्ट, का तर तो नियम. 2025 च्या मे महिन्यात कमोगीवाल्यांनी मत घेऊन शॉर्ट्सला परवानगी दिली. खेळाडूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, इतकी वर्षं कुणी ऐकलं नाही हीच लाज. पण आमच्याकडे नवाकोरा स्कॉर्ट पडून आहे, कुणाला हवा तर सांगा.

सगळ्यात गंमत म्हणजे या खेळात कुणाला पैसेच मिळत नाहीत. 1884 साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात हर्लिंग चालवणारी संस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, स्थापन झाली आणि आजही खेळाडू हौशीच. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ब्याऐंशी हजारांसमोर रविवारी फायनल खेळलेला पोरगा थोड्या दिवसांनी शाळेत गणित शिकवताना दिसतो. कोच फुकट, चहा देणाऱ्या बायका फुकट, डबडी परत करणारा आयटीवाला फुकट. मग मला दर महिन्याला बँक स्टेटमेंट बघून प्रश्न पडतो की सगळेच फुकट काम करतायत तर हे नक्की कुणाला जातंय.

आजोबा तोपर्यंत लोण्यावर गेले होते. लोणी महाग, कोळसा महाग, लाईट बिल तर उघडतच नाहीत. सरकारने आधी बिलात मदत दिली, मग बंद केली. मॅचला जावं तर गेटवर नोट घेत नाहीत, तिकीट ऑनलाईन काढा, मोबाईलवर दाखवा. घरी बसून बघावी तर काही मॅचेस पैसे भरून नेटवर. “म्हाताऱ्या माणसाने करायचं काय?” मला मनापासून वाईट वाटलं. मग मी विचारलं, मागच्या वर्षी फायनलला गेला होतात का?

“अर्थात!”

शंभर युरोचं तिकीट. स्टँडमधलं. ते कुठून कुठून ओळखी काढून मिळवलं, ट्रेन वेगळी, डब्लिनला राहणं वेगळं, त्या वीकेंडला हॉटेलवाले जे लावतात ते त्यांनी मला आकड्यात सांगितलंच नाही, नुसती छातीवर क्रॉसची खूण केली. आणि निकाल? जुलै 2025, कॉर्क विरुद्ध शेजारची काउंटी टिपररी. तोवर कॉर्क 2005 नंतर जिंकलेलं नव्हतं. हाफटाईमला सहा पॉईंटने पुढे. आणि दुसऱ्या हाफमध्ये अख्ख्या कॉर्कने मिळून 2 पॉईंट केले. दोन. पेनल्टी मिळाली, ती समोरच्या गोलकीपरने अडवली, आणि वर त्याच गोलकीपरने लांबून एक पॉईंटही मारला. टिपररी पंधरा पॉईंटने जिंकलं.

“पहिला हाफ मी फुकट धरतो,” आजोबा म्हणाले. “म्हणजे दुसऱ्या हाफचा एकेक पॉईंट पन्नास युरोला पडला.”

मग परत जाणार का? तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना कॉर्क सोडून टिपररीला राहायला जा म्हणालोय. लोण्याच्या चाळीस सेंटवर वीस मिनिटं बोललेला माणूस.

आणि इथे माझी सटकली, कारण माझं तसं नाही ना. मला वर्षातून एकदा छाती फुटेस्तोवर प्रेम करून उधळायला काही नाहीये, मला फक्त महाग आहे. युरोस्टॅटने काढलेल्या 2024 च्या आकड्यांत किमतींच्या बाबतीत आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये डेन्मार्कच्या खालोखाल दुसरं, सरासरी 100 धरली तर 138. फायनलला दुसरे आलो असतो तर निदान मिरवणूक निघाली असती. इथे नवीन आलो तेव्हा प्रत्येक गोष्ट मी रुपयांत गुणून बघायचो आणि चक्कर यायची, मग ती सवय मोडली. आता डबड्यांत भागाकार करतो. कॅपुचिनो 28 डबडी. हर्ली 200. फायनलचं तिकीट 667. घरभाडं दोन हजार युरो, म्हणजे 13,334 डबडी, दर महिन्याला, आणि त्या घराच्या बाथरूममध्ये बुरशी आहे, ती ॲशवाली नाही, दुसरी. घरमालकाला मेसेज केला तर म्हणतो खिडकी उघडा. उघडली की हीटिंग जातं. हीटिंग गेलं की बिल येतं. यावर काय विनोद करायचा ते मला अजून सुचलेलं नाही, बायको म्हणते नको करूस.

मशीन मध्येच थांबलं. पोट भरलं. स्क्रीनवर मेसेज, कर्मचाऱ्याला बोलवा. कर्मचारी म्हणजे एक कॉलेजची पोरगी, ती आली, मागचं दार उघडून आतली भलीमोठी पिशवी ओढून घेऊन गेली आणि दुसरी आणायला जी गेली ती गेलीच. आजोबा, मी, ती बाई, तिचं हात पसरणारं पोरगं, सगळे उभे. मी शेवटी म्हणलं, आजोबा, आता मशीन सुरू झालं की तुम्ही घाला तुमची बाटली, खूप वेळ थांबलात.

सुरू झालं. त्यांनी घातली. परत आली.

नीट बघितलं तर ती दुधाची बाटली. मी म्हणलं, दुधाच्या बाटलीला डिपॉझिट नसतं, तिच्यावर ते चिन्हच नाहीये. “माहितीये,” म्हणाले. “दर शनिवारी हीच आणतो.”

का?

“गाईंचा देश हा. आणि साखरेच्या पाण्याच्या बाटलीला पंचवीस सेंट आणि दुधाच्या बाटलीला शून्य? कधीतरी घेईल ते. घेईपर्यंत आणणार.” आणि स्वतःसाठीही त्यांनी दोन्ही हात प्रामाणिकपणे आडवे पसरले, वाइड, बाटली पुसली आणि परत काखेत.

मी माझी पावती काढली. आकडा सांगत नाही, सांगण्यासारखा नाही, त्यात एका हर्लीचं जेमतेम हँडल आलं असतं. चेपलेले सगळे कॅन पिशवीत तसेच, ते आता माझ्याच घरी नेऊन माझ्याच रिसायकलिंगच्या डब्यात टाकायचे, आणि डबा उचलायचे पैसेही मीच भरतो. निघणार तर आजोबांनी दंडाला धरलं.

“मुलींसाठी करतोयस, चांगलं करतोयस. आता आमच्या क्लबचंही एक बघ.” आणि जर्सीखालून लॉटोच्या तिकिटांचं पुस्तक निघालं. गावोगावचा प्रत्येक क्लब असला लॉटो चालवतो, त्यावर त्यांची मैदानं चालतात, हे मला माहीत होतं. एक तिकीट दोन युरो, तीन घेतली तर पाच. आणि त्यांचा क्लब म्हणजे मागच्याच महिन्यात आमच्या मुलींना धुतलेला क्लब. पाच युरो म्हणजे 34 डबडी, अजून बाही वाळलेली नाही माझी. मी सरळ म्हणलं, सॉरी आजोबा, माझ्याकडे कॅश नाहीये, हल्ली कुणी ठेवतच नाही, तुम्हीच मघाशी म्हणालात.

आजोबांनी दुधाची बाटली माझ्या हातात दिली, दुसऱ्या खिशात हात घातला आणि छोटं कार्ड मशीन काढून माझ्यासमोर धरलं.

“टॅप कर,” म्हणाले. “रिसीट ईमेलवर पाठवू का?”