लॅपटॉप असताना ड्राइव्ह कशाला? (एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा ऑफिसात होतो आणि डोकं जरा तापलंच. तुम्ही लांबलचक लिहिलंय, तेव्हा उत्तरही लांबच येणार, चालवून घ्या. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टँडी कंपनीच्या मॉडेल १०० या जुन्या पोर्टेबल कॉम्प्युटरचा बाहेरून जोडायचा डिस्क ड्राइव्ह मी दुरुस्त करून चालू केला, त्यावर साहेबांचं म्हणणं असं की हा रिकामटेकडा उद्योग आहे, लॅपटॉपवर एक फुकटचा प्रोग्राम टाकला की लॅपटॉपच ड्राइव्ह बनतो. "ड्राइव्हच्या आत अख्खा कॉम्प्युटर बसलाय" हे मी उगाच फुगवून सांगितलंय. आतला रबरी बेल्ट बदलल्यावर तो ड्राइव्ह ओरिजिनल राहिलाच नाही, आणि असल्या डागडुजी केलेल्या ड्राइव्हमध्ये लोकांच्या जुन्या फ्लॉप्या घालणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. आणि शेवटी जाता जाता, मी सांगितलं तसं करूनही यांचा स्वतःचा ड्राइव्ह ढिम्म हलत नाहीये.

लॅपटॉपचं आधी घेऊ. अहो, मी स्वतःच रोज तेच वापरतो! डेस्कलिंक, लॅडीअल्फा असे प्रोग्राम आहेत, सीरियल केबल लावली की मॉडेल १०० ला कळतही नाही की पलीकडे ड्राइव्ह आहे की लॅपटॉप. नवीन काही लिहून सेव्ह करायचं असेल तर खुशाल ते वापरा, मीही कुणाला पहिला सल्ला तोच देतो. पण लॅपटॉप ड्राइव्हचं सोंग घेतो म्हणून त्याच्यात फ्लॉपी घालता येत नाही ना. आणि माझ्याकडे आल्या होत्या त्या फ्लॉप्याच. आमच्या गल्लीत एक आजी राहतात (मी डॅलसजवळ असतो, टँडीचं हेडऑफिस इथेच फोर्ट वर्थला होतं, त्यामुळे या भागात हे सामान अजून गराजांमधून निघतं), त्यांचे मिस्टर लहान गावातल्या पेपरसाठी शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या लिहायचे. ते गेले, मागे राहिला मॉडेल १००, हा ड्राइव्ह आणि चपलेच्या खोक्यात भरलेल्या फ्लॉप्या. आजींना काही मशीन चालू झालेलं बघायचं नव्हतं, त्यावर काय लिहिलंय ते हवं होतं. तुमच्या सोल्यूशनमध्ये हे खोकं कुठे बसतं सांगा.

तुम्ही म्हणाल यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो की बाजारात. मिळतो. त्याच्यात ही फ्लॉपी घातलीत तर विंडोज एकच प्रश्न विचारतं, फॉरमॅट करू का. घाईत एन्टर दाबला आणि फ्लॉपी राइट प्रोटेक्ट केलेली नसली (म्हणजे तिच्यावर लिहिता येत असलं) तर खेळ खलास. आकार तोच साडेतीन इंची, पण आतली मांडणी पूर्ण वेगळी आहे, पीसीला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता तो "फुगवून सांगितलेला" कॉम्प्युटर. इथे मी एक इंचही मागे हटणार नाही. पीसीमधला फ्लॉपी ड्राइव्ह हा तसा मठ्ठ प्राणी. मोटर आहे, वाचणारं-लिहिणारं हेड आहे, हेड आत-बाहेर सरकवायची व्यवस्था आहे, बास. कुठला ट्रॅक (डिस्कवरचं गोल वर्तुळ), कुठला सेक्टर (त्या वर्तुळाचा तुकडा), फाइल कुठे सुरू झाली, ही अक्कल सगळी पीसीकडे. मॉडेल १०० कडे ती असणं शक्यच नव्हतं, १९८३ चं मशीन ते, क्योसेराने जपानमध्ये बनवलेलं, ८०८५ जातीचा प्रोसेसर, चाळीस अक्षरांच्या आठ ओळींचा स्क्रीन, चार पेन्सिल सेलवर चालणार, मेमरी ८ केबी नाहीतर २४ केबी. सेव्ह करायचं तर टेपरेकॉर्डर लावायचा. फ्लॉपी कशी चालवायची हे त्याच्या रॉमला (आत कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामला) ठाऊकच नाही. मग नंतर जो ड्राइव्ह काढला तो थेट सीरियल पोर्टला लागतो, म्हणजे मॉडेमसाठी जी वाट असते त्याच वाटेने, आणि त्या वाटेवरून हेड सरकव, मोटर फिरव असलं काही सांगायची सोयच नाही. म्हणून सगळी अक्कल ड्राइव्हमध्ये. आत हिताचीचा ६३०१ कुटुंबातला प्रोसेसर आहे, त्याचा स्वतःचा प्रोग्राम आहे, डिरेक्टरी तोच सांभाळतो. मॉडेल १०० नुसतं म्हणतं, अमुक नावाची फाइल उघड. ड्राइव्ह शोधतो, उघडतो, "हं, सापडली" म्हणतो. वाच म्हटलं की १२८ बाइटचा एक घास पाठवतो, परत वाच म्हटलं की पुढचा घास. मॉडेल १०० चा प्रत्येक निरोप "झेडझेड" या दोन अक्षरांनी सुरू होतो, मग कमांड, मग लांबी, मग मजकूर आणि शेवटी चेकसम (निरोप नीट पोचला का ते ताडायचा आकडा). लॅपटॉपवर हे बाइट जाता-येताना एकदा बघा, दोन मशीनं गप्पा मारतायत हे डोळ्यांनी दिसतं. याला कॉम्प्युटर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि मजा म्हणजे हा ड्राइव्ह मुळात टँडीचा नाहीच. बनवलाय ब्रदरने, आपल्याकडे शिलाई मशीनमुळे आणि आता प्रिंटरमुळे माहीत असलेली तीच कंपनी. त्यांनी हाच ड्राइव्ह एफबी-१०० या नावाने स्वेटर विणायच्या मशीनसाठी विकला, केएच-९४० वगैरे मॉडेलं, बायका त्यावर विणीचे नमुने साठवायच्या. विणायचं मशीन फाइलबिइल मागत नाही, ते सरळ सेक्टर मागतं. मॉडेल १०० फाइल मागतं. एकच ड्राइव्ह दोघांशी दोन वेगळ्या मोडमध्ये बोलतो. फ्लॉपीच्या एकाच बाजूला ४० ट्रॅक, ट्रॅकला २ सेक्टर, सेक्टरला १२८० बाइट, गुणाकार करा, १,०२,४०० येतात. तुम्ही हसलात त्या १०० केबीला, पण ज्या मशीनची मेमरीच २४ केबी त्याचं चारदा पोट रिकामं होतं एवढ्यात. पेपरवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे, मॅचचा रिपोर्ट दोन हजार अक्षरांचा, ३०० बॉडच्या (सेकंदाला साधारण तीस अक्षरांच्या) मॉडेमवरून ऑफिसला पाठवायला एक मिनिट आणि थोडं वर.

बेल्टबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मात्र हसू आलं. ओरिजिनल बेल्ट म्हणजे काय हो? ड्राइव्ह उघडला तेव्हा ओरिजिनल बेल्टची काकवी झालेली होती. काळी, चिकट, निम्मी मोटरच्या पुलीवर, निम्मी मोठ्या चाकाच्या कडेला, आणि एक थेंब खाली बोर्डावर. या ड्राइव्हमध्ये मोटर आणि डिस्क फिरवणारं चाक यांच्यात रबराचा चपटा पट्टा असतो आणि इतक्या वर्षांत ते रबर एकतर ढिलं पडतं नाहीतर वितळतं, तिसरी गोष्ट होत नाही. ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरून टेपरेकॉर्डरचे बेल्ट आणून बदललेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉटन बड घेऊन बसायचं, आणि खरा वेळ जातो तो मोटरच्या छोट्या पुलीवर. मोठं चाक पटकन चकाचक होतं आणि माणूस खूश होऊन बेल्ट चढवतो, पण पुलीवर त्या घाणीचा केसाएवढा थर राहिला तरी डिस्कचा वेग सारखा राहत नाही, मग ड्राइव्ह कधी वाचतो कधी नाही, आणि आपण बसतो केबलला शिव्या देत. टूथपिकचं टोक चपटं करून पुली बोटाने फिरवत खरवडायची, बड पांढरा निघेपर्यंत. नवीन बेल्ट चढवताना पीळ पडू द्यायचा नाही.

फ्लॉप्यांच्या जोखमीचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो झटकून टाकत नाही. ग्रीसविझलसारखं बोर्ड साध्या पीसी ड्राइव्हला जोडून फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद जशीच्या तशी उतरवता येते, आणि फ्लक्सइंजिन नावाच्या प्रोग्रामला ही एफबी-१०० ची मांडणी उलगडता येते, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. एखादी फ्लॉपी ड्राइव्हने वाचली नाही तर माझाही पुढचा रस्ता तोच. पण तो पीसी ड्राइव्हही कुठल्यातरी भंगारातूनच आलेला असतो ना, त्याचं हेड काय गंगेत न्हालेलं असतं? धोका हेडवरच्या घाणीचा आणि फ्लॉपीवरच्या बुरशीचा आहे, ड्राइव्ह कुठल्या कंपनीचा त्याचा नाही. म्हणून आधी हेड साफ केलं, मग कोरी फ्लॉपी घेतली, तीही डीडीच (जुनी, कमी घनतेची), आजकाल सहज मिळते ती एचडी (जास्त घनतेची) नव्हे, भोकावर चिकटपट्टी लावून एचडी चालवायचे उद्योग इथे करू नयेत. ती फॉरमॅट केली, त्यावर बेसिक भाषेतला एक प्रोग्राम लिहिला, परत वाचला, ताडून पाहिला. ड्राइव्ह पूर्ण थंड होऊ दिला, परत वाचला. मग आजींच्या फ्लॉप्या. प्रत्येकीची पत्र्याची पट्टी सरकवून उजेडात बघितली, पांढुरके डाग दिसले त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांची राइट प्रोटेक्टची खिडकी उघडली, म्हणजे त्यांच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही, आणि मगच आत घातल्या. याच्यापेक्षा जास्त काळजी घ्यायची तर त्या खोक्यातून बाहेरच काढायला नकोत.

पहिल्याच फ्लॉपीची यादी स्क्रीनवर आली तेव्हा नावं अशी होती, सहा अक्षरं आणि पुढे .डीओ, कारण मॉडेल १०० ला सहापेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत. दोन शाळांची तीन-तीन अक्षरं जोडून एक नाव, म्हणजे एक मॅच. एकात स्कोअर, कोणी किती यार्ड पळवला ते, आणि खाली एक ओळ संपादकासाठी, फोटो उद्या पाठवतो. काही फाइली मध्येच तुटतात. जेवढ्या आल्या तेवढ्या आजींना ईमेल केल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून कुठला मुलगा पुढे कोण झाला हे सगळं सांगितलं, त्यात अर्धा तास गेला. डागवाल्या अजून बाजूलाच आहेत.

आता तुमचा ड्राइव्ह. तुम्ही लिहिलंय की तो विणकामवाल्याकडून घेतला आणि लॅपटॉपला नल मॉडेम (पाठवायच्या-घ्यायच्या तारा उलटसुलट करणारी केबल) लावून जोडला. दोन्हीकडे घोळ आहे. नल मॉडेम लागतो मॉडेल १०० आणि लॅपटॉप एकमेकांना जोडताना. टँडीच्या ड्राइव्हची केबल आधीच कॉम्प्युटरच्या तोंडाला लागेल अशी बनवलेली असते, तेव्हा लॅपटॉपला ती सरळ लावायची, मध्ये फक्त २५ पिनांचं ९ पिनांचं करणारा साधा अ‍ॅडॉप्टर. दुसरं, टँडीचा ड्राइव्ह १९२०० बॉडच्या वेगाने बोलतो, मॉडेल १०० मध्ये आपण सीरियल पोर्टचं सेटिंग म्हणून ९८एन१डी लिहितो ते त्यासाठीच, पण तुमचा ब्रदरचा एफबी-१०० फक्त ९६०० वर बोलतो. तुम्ही माझा आकडा तसाच टाकला असणार. आरटीएस-सीटीएस ("थांब", "पाठव" असे इशारे देणाऱ्या तारा) चालू ठेवा.

आणि कृपा करून पॉवर देण्याआधी पॉवरचा अ‍ॅडॉप्टर तपासा. टँडीचा ६ व्होल्टचा आहे आणि मधली पिन निगेटिव्ह, आज दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे उलटे असतात, मधे पॉझिटिव्ह. तुमच्या फोटोत जो काळा अ‍ॅडॉप्टर दिसतोय त्याच्यावरचं गोल-गोल चिन्ह मला नीट दिसत नाहीये, जवळून फोटो काढून पाठवा, आणि तो बघेपर्यंत ड्राइव्हला लावू नका.