गोवंडीतल्या आईला अक्कल शिकवणं बंद करा

"पोराच्या हातात पाच रुपयाचं वेफर्सचं पाकीट देतात आणि मग कुपोषण कुपोषण म्हणून ओरडतात" असं परत कुणी बोललं की डोकं फिरतं माझं. सकाळच्या वेळी एकदा मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांमधे जाऊन बघा. मागे देवनारचं डंपिंग ग्राउंड, भाड्याची दहा बाय दहाची खोली, कित्येक घरांत नळ नाही म्हणून पाणी कॅनने विकत, त्यातच स्वयंपाक, भांडी, पोराची शी धुणं सगळं. बाई अंधारात उठून पाण्याच्या मागे, मग चार घरची धुणीभांडी, नवरा नाक्यावर काम मिळतंय का बघायला, आणि दीड-दोन वर्षाचं पोर आठ वर्षाच्या बहिणीकडे. ती काय डाळ शिजवणारेय का? ती पाकीटच फोडून देणार, पोर रडायचं थांबतं ना.

अंगणवाडीत पोराच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी लावताना बघितलंय मी. लाल-पिवळी-हिरवी साधी पट्टी असते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली दंड भरला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. एवढासा दंड आपल्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या गोलात आरामात मावतो हो! आणि हे फक्त कमी खाल्ल्याने होत नाही. घाण पाण्याने जुलाब लागतात, आठ दिवसात पोर उतरतं, भूक मरते, जरा सावरतंय तोवर परत जुलाब. मग सेविकेने कितीही जीव तोडून सांगितलं तरी ते वजन वाढणार कसं?

आईचं तर कुणी विचारतच नाही. ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलं तर भाजी नाहीतर चहा-चपाती. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या मिळतात पण मळमळतं, शी काळी होते म्हणून घाबरून बंद करतात, नाहीतर चहाबरोबर घेतात आणि चहाने लोह अंगाला लागत नाही, हे निवांत बसून सांगायला ओपीडीत वेळ कुणाला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या जवळजवळ 69 टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आईच अशक्त, तिचं बाळ जन्मतःच कमी वजनाचं, आणि दोष पुन्हा तिलाच.

कुपोषण म्हटलं की सरकारला आणि आपल्यालाही फक्त मेळघाट नाहीतर नंदुरबार आठवतं. तिथे लक्ष हवंच, त्याबद्दल वादच नाही. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं, चांगलीच गोष्ट आहे, पण गोवंडीला लागून असलेल्या मानखुर्दच्या गरोदर बाईला त्यात जागा नाही. तिला घरी न्यायचा कोरडा आहार मिळतो, आणि घरात खाणारी पाच तोंडं असली की तो तिच्या एकटीच्या वाट्याला येतो असं खरंच वाटतं का कुणाला?

माझं म्हणणं एवढंच आहे की तिला पोषणाचं लेक्चर देऊ नका, तिचं पोर दिवसभर सांभाळणारी जागा द्या, जिथे त्याला दोनतीनदा ताजं खायला मिळेल, आणि गरोदर बाईला तिथेच बसून जेवता येईल. अंगणवाडी दुपारी बंद होते, कामं संध्याकाळपर्यंत चालतात, मग मधले तास पोराने काय करायचं? अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजना आहे की कागदावर. आता नगरसेवक दारात आला की गटार आणि पार्किंगच्या आधी हे विचारा, आपल्या वॉर्डात अशी किती पाळणाघरं चालू आहेत आणि किती वाजेपर्यंत. मी विचारणार आहे.