काम चोख असलं की ओळखींची गरज नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

व्यवसायातल्या स्त्रियांनी ओळखी वाढवाव्यात, नवीन गोष्टी शिकत राहाव्यात असं मी लिहिलं, त्यावरची तुमची परखड प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गाभा आधी सांगते. तुमचं म्हणणं असं की काम चोख असेल तर गिऱ्हाईक स्वतःहून शोधत येतं. कार्डं वाटत फिरणं ही ज्यांच्याकडे मोकळा वेळ आहे आणि घरात मागचं बघायला माणसं आहेत त्यांची चैन आहे. बायकांच्या गटांत एकमेकींचं कौतुक होतं, धंदा होत नाही. आणि कार्यशाळा म्हणजे प्रमाणपत्रं विकण्याचा उद्योग. शेवटी तुम्ही विचारलंय की आठवड्यात तासभरही हाती न लागणाऱ्या बाईने नेमकं करायचं काय? खरा प्रश्न हाच आहे. त्यावर येतेच, पण आधीच्या आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय ते उत्तर पटणार नाही.

कार्यशाळांपासून सुरुवात करते, कारण तिथे मी बरीचशी तुमच्याच बाजूची आहे. केनियात, नैरोबीच्या दांडोरा वस्तीत छोटे धंदे करणाऱ्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही जणींना वर्गात बसवून धंद्याचं रीतसर शिक्षण दिलं. काही जणींची त्याच भागातल्या, धंद्यात मुरलेल्या एकेका बाईशी गाठ घालून दिली. वर्गात बसलेल्यांच्या कामाच्या पद्धती सुधारल्या, नफा मात्र होता तिथेच राहिला. दुसऱ्या गटाचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला, आणि तो मुख्यतः खर्च कमी झाल्यामुळे. माल कुणाकडून उचलला तर स्वस्त पडतो, हे त्यांना कळलं होतं. ही माहिती त्या बाजारात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बाईकडेच असते. याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला त्या २० टक्क्यांपेक्षाही मोलाची वाटते. जोड्यांच्या भेटीगाठी थांबत गेल्या, तसा तो फायदाही ओसरत गेला.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. धंद्यातलं बरंचसं शहाणपण कुणाशी तरी कामाबद्दल बोलत राहण्यातून येतं आणि बोलणं थांबलं की ते शिळं होतं. म्हणून ‘ओळखी’ आणि ‘शिकणं’ हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत असं मी मानत नाही.

तरी सगळं प्रशिक्षण फोल आहे असंही मी म्हणणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात धंद्याचं नेहमीच्या पठडीतलं शिक्षण आणि पुढाकार घ्यायला शिकवणारं प्रशिक्षण अशी तुलना होती. दुसऱ्या प्रकारात स्वतःहून सुरुवात करणं, पुढचं बघून ठरवणं आणि अडथळा आला तरी वाट काढणं याचा सराव करून घेतला जायचा. पठडीतल्या शिक्षणाने नफ्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. दुसऱ्याने नफा ३० टक्क्यांनी वाढला, आणि स्त्रियांचा तर सुमारे ४० टक्क्यांनी. तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारावं की माझ्या स्वतःच्या धंद्यावर काम करून घेणार का, आणि नंतर कुणी येऊन बघणार का. दोन्हीला ‘नाही’ असेल तर पैसे वाचवा. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, गिऱ्हाईक ते बघत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

पण ‘चोख काम असलं की गिऱ्हाईक येतं’ हे मला अर्धवट वाटतं. येतं, हे खरं. कुठून येतं ते मात्र बघा. समाधानी गिऱ्हाईक तुमचं नाव त्याच्यासारख्याच माणसांना सांगतं. छोटी ऑर्डर देणाऱ्याकडून छोट्या ऑर्डरी येतात, उधारीवर घेणाऱ्याकडून उधारीची गिऱ्हाइकं येतात. मोठी ऑर्डर देणारा माणूस ज्या लोकांत उठतो-बसतो, तिथे तुमचं नाव कुणी काढतच नाही, कारण तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. त्यात तुमच्या कामाचा काडीचाही दोष नसतो, आणि म्हणूनच काम आणखी चोख करून ही अडचण सुटत नाही. मी कितीतरी गुणी बायका बघितल्या आहेत ज्या अशा वेळी आणखी एक कोर्स करतात, आणखी रात्री जागतात, दर आणखी उतरवतात. हे बघताना खरोखर जीव तुटतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली लिहिलेला एक निबंध या विषयात फार महत्त्वाचा मानला जातो. बॉस्टनजवळच्या उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्या ओळखीच्या माणसाकडून या जागेबद्दल कळलं, तो तेव्हा तुम्हाला कितपत भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले १७ टक्क्यांच्या आसपास. बाकीचे सगळे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे होते. कारण उघड आहे. रोजच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे, वेगळी खबर लांबच्यांकडे असते. पण त्याच्या त्या पाहणीतली माणसं सगळी पुरुष होती. हे मुद्दाम सांगते, कारण स्त्रियांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या एका नामांकित बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या ईमेल-व्यवहारावरून त्यांच्या ओळखींचं जाळं तपासलं गेलं. चौफेर ओळखी असलेल्या पुरुषांना वरच्या हुद्द्याच्या नोकऱ्या मिळाल्या. वरच्या जागी पोचलेल्या स्त्रियांच्याही ओळखी चौफेर होत्या, पण त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींभोवती शिवाय दोन-तीन स्त्रियांचं घट्ट वर्तुळ होतं. अभ्यासकांनी याचं कारण असं दिलं की बाईच्या उपयोगाची काही माहिती उघडपणे फिरतच नाही, ती अशा वर्तुळातूनच मिळते. आपल्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. अमुक ऑफिसात बाई एकटी गेली तर काम पुढे ढकलतात, तमुक माणूस ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणतो, फलाणा बिल बुडवतो पण गोड बोलतो, हे कुठल्याही मंडळाच्या पत्रकात छापून येत नाही. मात्र त्या अभ्यासात एक मेख होती. त्या जवळच्या मैत्रिणींच्या ओळखी एकमेकींपेक्षा वेगळ्या असाव्या लागत होत्या. सगळ्या जणी त्याच माणसांना ओळखत असतील तर तो फायदा मिळत नव्हता.

म्हणून बायकांच्या गटांबद्दलची तुमची तक्रार मला अर्धी पटते. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर जणी आपापली जाहिरात टाकतात आणि बाकीच्या हात जोडलेली चित्रं पाठवतात, तिथून काही हाती लागत नाही. पण गट वेगळ्या पद्धतीनेही चालू शकतो.

आमच्या छोट्या गटात एकदा पॅकेजिंगचं डिझाइन करणारी एक जण कोटेशन घेऊन आली. ऑर्डर मोठी होती, हातची जाऊ नये म्हणून तिने दर आधीच खाली आणला होता, आणि आणखी किती खाली आणू एवढंच तिला विचारायचं होतं. कागद, छपाई, वाहतूक, सगळं ओळीने मांडलेलं. यंत्रांच्या देखभालीची कामं घेणाऱ्या दुसरीने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “त्यांनी तिसऱ्यांदा डिझाइन बदलायला सांगितलं, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार?” ती ओळच कोटेशनमध्ये नव्हती. तिसरी म्हणाली, पैसे कधी मिळणार तेही यात दिसत नाही. उठेपर्यंत त्या कागदावर दोन ओळी वाढल्या होत्या. दोन फेऱ्यांपर्यंतचे बदल दरात धरले आहेत, पुढच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे. आणि निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी. दर तिने उतरवला नाही. समोरच्याने बदलांच्या फेऱ्यांवर घासाघीस केली, आगाऊ रकमेबद्दल तो काहीच बोलला नाही.

यंत्रांची देखभाल करणारीला डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्या धंद्यात प्रत्येक फेरीचं बिल लागतं, म्हणून तिची नजर बरोबर तिथेच गेली. हे कुठल्या कोर्सने शिकवलं असतं? आणि याला ओळखी वाढवणं म्हणायचं की कौशल्य शिकणं? डिझाइनवालीने त्यानंतर प्रत्येक कोटेशन तसंच लिहिलं.

हा आमच्यापुरता योगायोग नाही. चीनमधल्या नानचांग शहरात सुमारे २८०० नव्या कंपन्यांवर असाच एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या कंपन्यांच्या चालकांचे छोटे गट केले आणि ते वर्षभर दर महिन्याला भेटले. न भेटणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. ज्यांच्या गटात आपल्याहून मोठे व्यावसायिक होते त्यांना जास्त फायदा झाला. जिथे स्पर्धेचा प्रश्न यायचा, तिथे माहिती हातची राखली जायची. तेव्हा गट करताना एकाच धंद्यातल्या चौघी गोळा करू नयेत, आणि निदान एक जण तरी आपल्यापुढे गेलेली असावी.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाहीत, पण जिच्यामुळे अनेक जणी ‘गेले होते, काही उपयोग नाही’ म्हणत परत येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात, ज्यातून स्वतःची बढती होत नाही पण कुणीतरी करायलाच हवं असं काम कोण पत्करतं, हे तपासलं होतं. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत स्त्रिया पुरुषांच्या जवळजवळ दीडपट वेळा पुढे आल्या. गटात फक्त स्त्रिया किंवा फक्त पुरुष असले की हा फरक नाहीसा झाला. याचा अर्थ स्वभावाचा प्रश्न नाही. बाई करेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, तिची स्वतःचीही. व्यावसायिकांच्या संघटनेत बाई गेली की सूत्रसंचालन तिच्याकडे, पाहुण्यांचं स्वागत तिच्याकडे, बैठकीच्या नोंदी तिच्याकडे, आभार तिच्याकडे. कार्यक्रम संपतो, पुरुष सदस्य बाहेर उभं राहून पुढच्या कामाचं बोलत असतात आणि ही आत खुर्च्या मोजत असते. असं काम समोर आलं तर सरळ सांगावं, ‘या वेळी दुसऱ्या कुणाला द्या, मला वक्ते ठरवायचं काम हवंय.’ वक्ते ठरवण्यासाठी अनोळखी, आपल्याहून मोठ्या व्यावसायिकांना फोन करावे लागतात, आणि फोन करायला संघटनेचं नाव पाठीशी असतं. वेळ तेवढाच जातो.

राहिला वेळेचा प्रश्न. संध्याकाळचे समारंभ बहुतेकींना परवडत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. मुलं, आजारी माणसं, घरचं काम सोडून सात वाजता सभागृहात जाऊन बसण्याची सक्ती कुणी करू नये. पण समारंभ सोडले तरी चालतं. महिन्यातून एकदा, दुपारच्या पाऊण तासात, वेगळ्या धंद्यातल्या दोघींशी फोनवर बोलणं जमण्यासारखं आहे. अट एकच ठेवा, प्रत्येकीने एक खरा कागद समोर घ्यायचा. कोटेशन, थकलेलं बिल, नाकारलेली ऑर्डर, काहीही. आणि आकडे लपवायचे नाहीत. सुरुवातीला हे जड जातं, कारण नफा-तोट्याचा आकडा दुसऱ्या बाईला सांगायची सवयच आपल्याला नसते. एकीने आधी सांगितला की बाकीच्या सांगतात.

शिवाय आठवड्याला एक निरोप, फारशा ओळखीच्या नसलेल्या कुणाला तरी. ‘मार्गदर्शन करा’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण त्या माणसाने काय करायचं ते त्यालाच कळत नाही. उत्तर देता येईल असं विचारावं. ‘मी अमुक काम करते. तीन गिऱ्हाइकांकडे पैसे नव्वद दिवसांहून जास्त अडकलेत. तुमच्या बिलावर उशिराबद्दलची अट कशी लिहिता?’ एवढं पुरतं. उत्तर आलं तर ते वापरून काय झालं ते महिन्याभरात कळवावं. हा दुसरा निरोप बहुतेक जण पाठवतच नाहीत, आणि माझ्या अनुभवात ओळख खरी तिथे जमते.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य ओझरतं आलंय, की जुनं गिऱ्हाईक बरीच वर्षं दर वाढवू देत नाही आणि त्याला सोडवतही नाही. पहिला निरोप याच प्रश्नावर पाठवा, आणि तो तुमच्या कच्च्या मालाच्या पुरवठादाराला पाठवा. तुमच्यासारख्या कितीतरी जणांना तो माल देतो, म्हणजे मालाचे भाव चढले की बाकीचे काय करतात ते त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडे सवलत मागू नका. इतर लोक आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढ किती दिवस आधी कळवतात आणि चालू ऑर्डरींना जुना दर ठेवतात का, एवढं विचारा. उत्तर मिळालं की तुमचं दरवाढीचं पत्र लिहा आणि धाडण्याआधी वेगळ्या धंद्यातल्या कुणाला तरी वाचायला द्या. कुणी नसेल तर नाव-गाव काढून मला पाठवा, मी वाचेन.