पाण्याखालचं वेल्डिंग: फौंड्रीवाल्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाण्यात मारलेल्या वेल्डमध्ये पाणी शिरतं, म्हणून तो कच्चाच, पाणबुड्या करंटनं मरेल तो वेगळाच, आणि कोल्हापुरात समुद्र नसताना हा विषय हवा कशाला?

पहिल्या मुद्द्यावर कान धरतो. 'जमिनीवरच्या वेल्डइतकाच पक्का' हे मागच्या लेखातलं वाक्य चुकीचं होतं, आज काढून टाकलं. पण तुम्ही दिलेलं कारण पटत नाही. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी विजेची ज्योत, पेटली की तिच्या उष्णतेनं भोवतीचं पाणी फुटतं आणि वायूचा बुडबुडा तयार होतो, त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन. आर्क जळते ती त्या बुडबुड्यात. गोची होते ती नंतर. लोहार विळ्याला पाणी पाजतो ना, तसं वेल्डशेजारच्या पोलादाला क्षणात पाणी पाजलं जातं. ते कडक आणि ठिसूळ होतं, वर हायड्रोजन आत अडकलेला. कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे पोलाद किती सहज कडक होईल ते सांगणारा आकडा, ०.४ च्या वर गेला की तड्याची भीती वाढते. आणि तडा लगेच दिसेलच असं नाही; पाणबुड्या वर येऊन चहा पिऊन घरी गेल्यावरही उमटतो.

असा एक तुकडा मी घणानं फोडून पाहिलाय. टी-जॉइंट, साधं माइल्ड स्टील. वरून बीड, म्हणजे वेल्डची ओळ, बरी दिसत होती, फुटल्यावर आत अनारशाची जाळी! म्हणून जाणकार बट जॉइंटच्या, म्हणजे दोन कडा समोरासमोर जोडायच्या, वाटेला सहसा जात नाहीत. भोकापेक्षा मोठी पट्टी ठेवून कडेनं फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला वेल्ड, मारतात. रॉडला पाणी लागू नये म्हणून वरून लेप असतो, आणि रॉड जॉबला टेकवूनच ओढतात, कारण आपल्या नदीच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. पहिल्या बीडवर थोड्याच वेळात दुसरी टेम्पर बीड मारली तर कडकपणा उतरतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी ३.६ मानकात कोरड्या वेल्डच्या तोडीचा तो 'ए' वर्ग. ओला वेल्ड बहुतेक वेळा 'बी'त बसतो. म्हणजे कच्चा म्हणा, टाकाऊ म्हणू नका.

करंटचं म्हणाल तर एसी वापरतच नाहीत. डीसी, रॉड निगेटिव्हला, आणि वर काठावर एक माणूस नाइफ स्विच धरून बसलेला. खालून सांगितलं की चालू, रॉड बदलायचा म्हटलं की बंद. रॉड आणि अर्थिंगच्या मध्ये आपलं अंग येऊ द्यायचं नाही. 'समुद्रात ठीक असेल, नदीत नको' असं तुम्ही लिहिलंय, त्यात मात्र तथ्य आहे. खाऱ्या पाण्यातून वीज माणसाला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यात अंगच तिला सोपी वाट वाटते.

मग समुद्र नसताना कशाला? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना दिसतात. मी लिहितोय ते कुठल्याही धरणाच्या तळाशी बुडालेल्या सिलबद्दल, म्हणजे दरवाजा टेकतो त्या उंबऱ्याबद्दल, आणि खाचांबद्दल. स्टॉपलॉग, म्हणजे पाणी अडवायला खाचेत सोडायचा तात्पुरता अडसर, नीट बसून जागा कोरडी होत असेल तर कोरडंच करा, शंभर वेळा करा. पण स्टॉपलॉग ज्यात बसतो ती खाचच खराब असेल तर? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला मात्र पाण्यात उतरायचं कारण नाही. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की खाचा उघड्या पडतात, तेव्हा उरकून घ्यावं.

आणि एक गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटली, माझ्याही लेखातून. करंटपेक्षा मला भीती वाटते ती भोकाकडे खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीची. १० मीटर पाण्याखाली फूट बाय फूटचं भोक, पलीकडे हवा. त्यावर ९०० किलोच्या वर दाब. पाय अडकला तर वरून चार माणसांनी ओढूनही निघणार नाही. पलीकडची झडप बंद आहे याची खात्री आणि तिला कुलूप, हे झाल्याशिवाय माणूस खाली सोडायचाच नाही. हा परिच्छेद आज मूळ लेखात घातलाय.

फोडलेला तुकडा उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून. या एकदा, भिंग घेऊन या.