नारळ पडतात, गाडी लावू नये

कोकणात समुद्राजवळ आपलं घर आहे असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी असूया उमटते आणि पाठोपाठ मे महिन्यातल्या तारखा. दापोलीजवळचं सासऱ्यांचं जुनं घर आम्ही पर्यटकांना द्यायला लागलो, तेव्हा बेत असा होता की घर नांदतं राहील, चार पैसे सुटतील आणि आपणही अधूनमधून जाऊन पडवीत पाय पसरून बसू. घर नांदतंय. पैसेही येतात, ते सुताराकडून गवंड्याकडे आणि गवंड्याकडून वायरमनकडे जातात. पडवीत पाय पसरून बसतात ते पाहुणे, आणि त्यांच्या पायाशी फुरसं येऊ नये म्हणून मी डोंबिवलीतून फोन करत असते.

फुरशाची मी थट्टा करत नाही. जेमतेम हात-दीड हात लांबीचा हा साप पालापाचोळ्यात, दगडांखाली, चिऱ्यांच्या फटीत दडून बसतो आणि विषारी असतो. म्हणून जळाऊ लाकडं घरापासून लांब, दाराशी कायम चार्ज केलेली बॅटरी, आणि खरकटं अंगणात टाकायचं नाही, कारण खरकट्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. हे सगळं मी प्रत्येक पाहुण्याला फोनवर समजावते. एकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे साप नक्की दिसेल ना मॅडम? मुलांना दाखवायचाय."

सुट्टीवर निघालेला माणूस गॅस बंद करतो, नळ बंद करतो आणि त्याच झपाट्यात अक्कलही कुलपात ठेवून येतो. समुद्र आणि पाऊस त्यामानाने सरळमार्गी. त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे तीन हजारांच्या वर. त्यामुळे पावसाआधी कौलं चाळावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, कुजलेले रिपा-वासे काढावे लागतात आणि पडवीत झड येऊ नये म्हणून झापं बांधावी लागतात. हे काम मे महिन्यातच करायचं असतं आणि घर भरलेलं असतं तेही मे महिन्यातच. एकदा वर माणसं कौलं चाळत असताना खाली माजघरात पाहुणे पत्ते खेळत होते. डावात माती पडली तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही, पत्ते झटकले आणि पुन्हा वाटले. असे पाहुणे देवाने मला जास्त द्यावेत. बाकी कौलं चाळून झाली, की दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी छपरावरून जाते ती जातेच.

खारी हवा मात्र वेळापत्रक पाळत नाही. खिडक्यांच्या कड्या बदलताना दुकानदार म्हणाला, "स्टेनलेस आहे ताई, नातवंडं वापरतील." वर्षाच्या आत कड्यांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. मग कळलं, की स्टीललाही नंबर असतात. नेहमीचं तीनशे चार समुद्राकाठी टिकत नाही, तीनशे सोळा लागतं. ते महाग. आता ज्यांच्या घरी जाते त्यांच्या खिडक्यांच्या कड्या बघते.

घर सांभाळतात अण्णा. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, त्यामुळे घरावर त्यांचा हक्क आमच्याहून जुना. त्यांच्या तोंडून वाईट बातमी कधीच निघत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. वीज नाही, फोन नाही. शेवटी कुठून तरी त्यांचा फोन लागला. "काय नाय वो ताई, घर बरा हाय." मी सुस्कारा सोडला. "फकस्त कौला गेली. आनी पोफळी पडल्या." किती पडल्या? "उभी एक हाय." पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, पण अण्णांच्या आवाजावरून वाटावं की कोणी अंगणातली चप्पल हलवून ठेवलीय.

माझी खरी झोप उडवतो तो ईएलसीबी, म्हणजे मेनच्या बोर्डावरचा सुरक्षेचा खटका. वीज कुठे गळायला लागली, तर तीस मिलिअँपिअरला तो पडतो आणि सगळ्या घराची लाइट जाते. माणूस वाचावा म्हणून तो पडतो, पण अंधारात चिकन अर्धं शिजलेलं असताना हे पटवून देणं सोपं नाही. एका पावसाळी रात्री अकरा वाजता फोन आला. त्या ग्रुपमध्ये एक इंजिनिअर होते. त्यांनी खटक्याखाली काडी अडकवून तो वर धरून ठेवला होता. "तरीही लाइट येत नाही, तुमचा माल डुप्लिकेट आहे." अहो, बाहेरून खटका धरला तरी आतून तो पडतोच, तो बनवलाच आहे असा, कारण बनवणाऱ्यानेही इंजिनिअर पाहिलेले असतात. मी फोनवरून एकेक स्विच बंद करायला लावला. अंगणातल्या दिव्यात पावसाचं पाणी गेलं होतं. तो बंद केल्यावर घर उजळलं. अभिप्रायात त्यांनी लिहिलं, 'अंगणात पुरेसा उजेड नाही.'

अभिप्रायांवर वेगळं लिहायला हवं. न्हाणीघरातला गॅस गिझर आम्ही काढून टाकला. बंद न्हाणीघरात त्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे माणसाला कळायच्या आत तो आडवा होतो. अभिप्राय: 'गरम पाणी उशिरा येतं.' विहिरीवर जाडजूड जाळी बसवली. अभिप्राय: 'जाळीमुळे गावाचा फील येत नाही.' एका दादांनी तर अण्णांना शंभर रुपये देऊन तासाभरासाठी जाळी काढा म्हणून सांगितलं, उडी मारायची होती. अण्णांनी शंभर रुपये घेतले आणि जाळीला आणखी एक कुलूप लावलं.

आणि नारळ. अंगणात पाटी आहे, 'नारळ पडतात, गाडी लावू नये', अक्षर वीतभर. पण सावली तिथेच, त्यामुळे गाडीही तिथेच. नारळ उतरवणारा पाडेली वेळेवर आला नाही आणि एक नारळ बॉनेटवर बसला. मालक फोनवर माझ्याशी भरपाईचं बोलत होते, मागून अण्णांचा आवाज येत होता. त्यांनी नारळ उचलून कानाशी हलवला असावा. "पानी हाय हो अजून." मालक म्हणाले, "मॅडम, हे काय चाललंय?" रात्री त्याच नारळाची सोलकढी झाली. मालकांनी ती दोनदा मागून घेतली आणि सकाळी भरपाईचं पुन्हा काढलं.

मागच्या हिवाळ्यात ह्यांनी फर्मान काढलं, की आता आपणही पाहुणे व्हायचं. तारकर्लीला कोणाच्या तरी घरी खोली घेतली. गरम घावणे, नारळाचा रस, कोणाचा फोन नाही. जेवून खोलीत जाताना भिंतीवरचा बोर्ड दिसला. ईएलसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं, हे फार लोकांना माहीत नसतं. मी दाबलं.

सगळं घर अंधारात गेलं. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज, वरच्या खोलीतून एका बाळाचं भोकाड, आणि मग यजमानांचा घसा: "मेनला कोणी हात लावला?"

"तुमचा ईएलसीबी अगदी उत्तम चालतोय हो!" मी अंधारात अभिनंदनाच्या सुरात सांगितलं.

ते काही बोलणार एवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला, आणि हे म्हणाले, "गाडी मी सावलीत लावली होती."