झाली का?

ससा ओकू शकत नाही. ही माहिती ज्या घरात संध्याकाळच्या चहाबरोबर चर्चेला येते, त्या घरात नुकतंच सशाचं पिल्लू आलेलं आहे असं खुशाल समजावं. आत गेलेलं त्याच दाराने परत आणायची सोय निसर्गाने सशाला दिलेलीच नाही. तोंडात गेलं की ते पुढे पुढेच सरकलं पाहिजे. ते सरकतंय की नाही, यावर देखरेख ठेवायला आमच्या घरातली चार माणसं सध्या पूर्णवेळ नेमलेली आहेत.

तात्या आमच्याकडे आला तो दुसऱ्यांच्या गाढ विश्वासामुळे. मुलीच्या मैत्रिणीकडे दोन ससे होते. दोन्ही नर आहेत, असं त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढे त्यातल्या एका नराने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली आणि तीवर पिल्लं घातली. सशाची मादी जेमतेम ३१ दिवसांत बाळंत होते, त्यामुळे घरच्यांना धक्का पचवायला फारसा अवधी मिळत नाही. तरी त्या भल्या माणसांनी पिल्लं ८ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवली आणि मगच ओळखीपाळखीत वाटप सुरू केलं. आमच्या वाट्याला आलं ते राखाडी होतं, मुठीएवढं होतं आणि आमच्याकडे बघून अजिबात खूश झालेलं नव्हतं.

सतत काहीतरी चघळणं, एक शब्द न बोलता नाक उडवून नापसंती दाखवणं आणि उचलायला गेलं की मागचा पाय दाणकन आपटणं, हे तीन गुण बघून मुलीने त्याचं नाव तात्या ठेवलं. तो नर आहे की मादी, हे डॉक्टर अजून ठामपणे सांगत नाहीत. लहान वयात भल्याभल्यांची फसगत होते म्हणे. तेव्हा तात्याची पुढेमागे माई होऊ शकते. आम्ही मनाची तयारी ठेवली आहे.

पहिला वाद पेटला तो दुधावरून. पिल्लू घरात आलं रे आलं की आईने वाटीभर दूध कोमट करून आणलं. "लेकरू आहे, दूध नको का?" डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट बजावलं होतं की दूध सुटलेल्या पिल्लाला गाईम्हशीचं दूध अजिबात घालायचं नाही, पोट बिघडतं. हे आईला पटेना. मग मी माझ्या नव्या ज्ञानातलं एक रत्न बाहेर काढलं. म्हटलं, "आई, सशाची आईसुद्धा पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते. तेही पाचेक मिनिटं."

"पाच मिनिटं? आणि उरलेला दिवस काय करते?"

"लांब जाऊन बसते. तिच्या वासावर शिकारी प्राणी पिल्लांपर्यंत पोचू नयेत म्हणून."

आईने यावर काहीच मत दिलं नाही. नुसती वाटी उचलली आणि आत गेली. पण त्या दिवसापासून तात्याच्या आईबद्दल तिचं मत जे वाईट झालं ते झालंच. त्याला गवत घालताना ती अजून पुटपुटते, "खा बाबा. तुझं कुणी केलं नाही नीट."

दुसरा धक्का गाजराचा. मी एक सुरेख, लांबलचक गाजर धुऊन, पुसून तयार ठेवलं होतं. बालवाडीच्या भिंतीपासून लहान मुलांच्या पायजम्यापर्यंत जिथे जिथे ससा आहे तिथे तिथे गाजर आहे, तेव्हा यात विचारायचं काय? डॉक्टर म्हणाले, गाजर म्हणजे सशाची मिठाई. गोड असतं. मोठा झाल्यावर कधीतरी एखादी चकती, बास. मग खायचं काय? तर गवत. सकाळी गवत, दुपारी गवत, रात्री गवत. वाळलेलं, स्वच्छ, बुरशी नसलेलं, आणि दिवसाला त्याच्या स्वतःच्या आकारमानाएवढं तरी समोर हवं. वाढीच्या वयात लसूणघास, म्हणजे गुरांना घालतात तो चारा, वाळवून दिला तर चांगलाच. सहा-सात महिन्यांचा झाला की तो कमी करत साध्या गवतावर यायचं. शिवाय पहिल्या घरी जे गोळीखाद्य खात होता तेच थोडंसं चालू ठेवायचं, एकदम बदलायचं नाही. पाणी कायम भरलेलं. हिरव्या पाल्याला बारा आठवड्यांपर्यंत हात लावायचा नाही, मग एका वेळी एकच प्रकार, तोही एक-दोन पानं. कांदा, लसूण, चॉकलेट यांची नुसती नावंसुद्धा त्याच्यासमोर काढू नयेत, असा डॉक्टरांचा सूर होता.

ते गाजर शेवटी मीच खाल्लं. तात्या समोर बसून बघत होता.

गवत घरात आणणं सोपं असतं. ते एका जागी ठेवणं ही निराळी विद्या आहे. गोणी बेडरूमच्या कपाटाजवळ ठेवली होती. आठवड्याच्या आत काड्या उशीत, चहाच्या गाळण्यात, फ्रीजमधल्या लिंबांच्या भांड्यात आणि माझ्या पाकिटात पोचल्या. ऑफिसात बैठकीच्या मध्येच साहेबांनी माझ्या कॉलरमागून एक लांब काडी ओढून काढली, ती बोटात धरून नीट न्याहाळली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. खुलासा करावा असं मला वाटलं, पण "घरी गवत खातात" या वाक्यापुढे कुठलं वाक्य जोडलं तरी ते सुधारण्यासारखं नव्हतं.

आता मुख्य विषयाकडे येतो. लेंड्या.

निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, हलक्या, वास नसलेल्या. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात हा विषय कधी उघडपणे निघाला नव्हता. आजोबांच्या बद्धकोष्ठाबद्दलसुद्धा आम्ही "त्यांना जरा बरं वाटत नाहीये" असंच म्हणायचो. पण डॉक्टरांनी सांगितलं की सशाची तब्येत त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, कारण जंगलात आजारी दिसला तो संपला. त्यामुळे तो शेवटपर्यंत उसनं अवसान आणून बसतो. खरं काय ते ट्रेमध्ये कळतं. लेंड्या बारीक झाल्या, केसाने एकमेकींना जोडून माळेसारख्या आल्या किंवा यायच्याच थांबल्या की सावध व्हायचं. मुलीने लगेच वही घातली. वेळ, संख्या, आकार, शेरा. गणिताच्या वहीत इतके सुबक रकाने मी कधी पाहिले नाहीत.

"हे घरात आणलंत तर मी हातसुद्धा लावणार नाही," असं जिने बजावलं होतं ती माझी बायको या शास्त्रात सगळ्यांच्या पुढे गेली. ट्रेकडे एक नजर टाकून ती सांगते, "काल गवत कमी खाल्लंय त्याने." दुपारी मला फोन येतो. पूर्वी ती विचारायची, "अहो, जेवलात का?" आता विचारते, "सकाळी तुम्ही निघालात तेव्हा झाली होती का?" शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने जागा बदलून घेतली आहे.

याच संशोधनात एके पहाटे आम्हाला ते भयंकर दृश्य दिसलं. तात्याने मान खाली घालून, खुद्द उगमस्थानी तोंड लावून, काहीतरी खाल्लं आणि समाधानाने मिशा पुसल्या. मुलगी किंचाळली. मीही किंचाळणारच होतो, पण बाप असल्यामुळे खोकलो. चौकशीअंती कळलं की हे अगदी रीतसर आहे. सशाच्या पोटात अंधनाल नावाचं एक मोठं आंबवण्याचं कोठार असतं. तिथून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या वेगळ्याच लेंड्या तयार होतात. त्यात ब जीवनसत्त्वं असतात, प्रथिनं असतात, आणि ती पदरात पडावीत म्हणून ससा त्या परत खातो. खाल्ल्या नाहीत तर काळजी करायची. म्हणजे आम्ही जे बघून हादरलो ते आता घडलं नाही तर हादरायचं होतं.

आईला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बाहेर बोलू नकोस," एवढंच म्हणाली.

बाकीच्या काळज्या त्या मानाने किरकोळ. कान धरून उचलायचं नाही; एक हात छातीखाली, एक बुडाखाली, कारण लटकता राहिला तर लाथा झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. आंघोळ घालायची नाही, तो स्वतःला चाटून साफ ठेवतो आणि भिजवला तर घाबरून आजारी पडतो. (शेजारच्या काकांनी यासाठी खास शांपू आणून दिला होता. तो आता मी वापरतो.) त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो, म्हणून दुपारी पंखा त्याच्या बाजूला आणि आम्ही भिंतीच्या बाजूला. सशाला मागचंसुद्धा दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही, त्यामुळे प्रेमाने समोरून हात नेला की तो दचकतो. ओळख वाढवायची तर जमिनीवर पालथं पडून राहायचं आणि त्याने आपणहून येऊन वास घ्यायची वाट बघायची. मी असा पडलेलो असताना गॅसवाला येऊन गेला. त्याने सही मुलीची घेतली.

दात हे प्रकरण मात्र महाग पडलं. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला १०-१२ सेंटिमीटर. गवत चावून ते झिजतात, पण तात्याला गवताच्या जोडीला चार्जरची वायर आवडते. "उंदीर पाळलाय तुम्ही," बायको म्हणाली. मी सांगितलं की ससा उंदराच्या गणात मोडत नाही; त्याला वरच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते, आणि १९१२ सालापासून शास्त्रज्ञांनी सशांचा गण वेगळा धरला आहे. तिने तुटलेली वायर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मग हे त्या शास्त्रज्ञांना दाखवा."

आणि मग तो शनिवार आला. रात्री नऊच्या सुमाराला मुलगी वही घेऊन बाहेर आली. चेहरा पांढराफटक. सकाळपासून सगळे रकाने कोरे. ट्रे कोरा. गवताची जाळी सकाळी भरली होती तशीच. तात्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि पुढे केलेल्या प्रत्येक गोष्टीवरून तोंड फिरवत होता. ससा बारा तास उपाशी राहिला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, हे आम्हाला पाठ होतं. आतडी मंदावतात, वायू धरतो, आणि ओकायची सोय नाही ते वर सांगितलंच.

तरी आधी घरगुती प्रयत्न झाले. बाळ बघून खातं, या आईच्या सिद्धांतानुसार आम्ही तिघं जमिनीवर ओणवे झालो आणि त्याच्यासमोर कोथिंबीर चघळू लागलो. बायकोने "वा, काय छान लागतंय" असंही म्हटलं. तात्याने एकेकाकडे बघितलं. मग पाठ फिरवली.

डॉक्टरांना फोन केला. पहिला प्रश्न: "शेवटची कधी झाली?" घेऊन या म्हणाले. आम्ही टोपली घेऊन पळालो, आई घरी फोनजवळ बसली. तेवढ्यात तिकडे परगावच्या माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. "सगळे दवाखान्यात गेलेत, तू फोन ठेव, डॉक्टरांचा येईल," एवढं सांगून आईने तो ठेवून दिला आणि नंतर तिचा उचललाच नाही.

डॉक्टरांनी तात्याचं पोट चाचपलं. मऊ होतं. नळी लावून ऐकलं. आतून गुरगुर व्यवस्थित येत होती. ते काही बोलणार, इतक्यात तात्याने त्यांच्या स्टीलच्या टेबलावर टप, टप, टप अशा गोल, कोरड्या, पाठ्यपुस्तकात छापाव्यात अशा लेंड्या सोडल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात आलं नव्हतं.

उलगडा घरी आल्यावर झाला. बेडरूमचं दार दिवसभर किलकिलं राहिलं होतं. कपाटाच्या मागे गवताच्या गोणीला सशाच्या रुंदीचं एक नीटस भोक होतं, आतलं गवत बऱ्यापैकी उतरलं होतं, आणि गोणीमागे सबंध दिवसाचा हिशोब ओंजळीने भरावा इतका पडला होता. तात्या उपाशी नव्हता. तुडुंब होता. मुलीने तिथेच फतकल मारून सगळ्या मोजल्या आणि वहीतले रकाने मागच्या तारखेने भरून काढले.

सकाळी सहा वाजता ताईचा फोन. आईने झडप घालून उचलला.

"आई, अगं काय झालं? रात्रभर डोळा नाही माझा!"

"काही काळजी करू नकोस. झाली एकदाची. डॉक्टरांच्या टेबलावरच झाली."

"झाली? काय झाली? मुलगी? कोणाला?"

"अगं तात्याला!"

पलीकडे काही वेळ शांतता. मग मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ताई म्हणाली, "आई, तू जरा फोन त्याच्याकडे दे बघू."

मी फोन घेतला. ताईचा आवाज एकदम खाली आला होता. "हे कधीपासून चाललंय?"

"रात्री अकरापासून," मी म्हणालो. "आता अगदी व्यवस्थित चालू आहे."