मुंबईचं वजन, नाशिकचं गिऱ्हाईक

काल ऐन गर्दीत रेडिओच्या जाहिराती विकणारा पोरगा परत दुकानात हजर. दिंडोरी रोडला माझं फवारणी पंप आणि ठिबकचं दुकान. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू, काउंटरला माणसं उभी, आणि हा टॅबवर रंगीत खांब दाखवतोय. "काका, आपलं स्टेशन नंबर वन!"

चष्मा लावला, खालची मुंगीएवढी अक्षरं वाचली. आकडे मुंबईचे! रॅम म्हणून कोण कुठलं स्टेशन किती ऐकतं त्याचं जे मोजमाप २००७ साली आलं, ते मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता, बस. नाशिक त्यात नाहीच. आणि दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर मात्र माझ्याकडून त्याच्या जोरावर मागायचा!

एका शहरात पाचशेच्या आसपास माणसं धरायची. कधी काय ऐकलं ते त्यांनी डायरीत लिहायचं. मग वय, बाई-पुरुष, आर्थिक वर्ग बघून एकेकाला वजन द्यायचं, म्हणजे शहराच्या लोकसंख्येशी मेळ बसतो. मुंबईत एकेका माणसाच्या डोक्यावर वीस हजारांहून जास्त माणसं बसतात. बसू देत, पद्धतीशी माझं भांडण नाही. पण ते वजन मुंबईच्या वस्तीचं, इथल्या वस्तीचं नाही.

तर पोरगा म्हणतो, "नाशिकचं प्रोफाइल सेमच असतं काका."

सेम? अरे, सिडकोत गल्ल्याच्या गल्ल्या खान्देशच्या, ओट्यावर अहिराणी चालते. सातपूर-अंबडच्या शिफ्ट सुटल्या की भोजपुरी ऐकू येते. पेठ-सुरगाण्याच्या बाया थिनिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करायला येतात, कमरेला मोबाईल, दिवसभर गाणी. त्यातली कोण डायरी भरत बसणार आहे? बरं, उद्या नाशिक मोजायचं ठरलं तरी मेळ कशाशी घालणार? शेवटची पुरी झालेली जनगणना २०११ ची, तेव्हा शहर १४ लाख ८६ हजार. नंतर मखमलाबाद-आडगावकडच्या किती बागा जाऊन इमारती आल्या, ते आम्ही बघतोय. आमची पंपाची गिऱ्हाइकं कमी झाली ना त्यात!

आणि तो आर्थिक वर्ग! घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा वस्तूंची यादी, त्यावर ठरतो. पंखा, गॅस, फ्रिज, गाडी, एसी, शेतजमीनसुद्धा आहे त्यात. रेडिओ नाही. हे त्या पोराला सांगितलं तर तो हसला. त्याला गंमत वाटली.

शेवटी काउंटरवरच्या पिंपळगावच्या दादांनाच विचारलं, रेडिओ ऐकता का? म्हणाले, "सकाळी आकाशवाणी लावतो, एकशे एक पॉइंट चार. ट्रॅक्टरवर मग पेन ड्राइव्ह."

म्हटलं, घे बाबा, हे लिही.

त्यानं टॅब मिटला आणि म्हणाला, "काका, दिवाळीला तीस टक्के डिस्काउंट करून देतो."